नाडी ८११

मा. औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली



एप्रिल २०२१. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ड्युटी संपवून, अंघोळ करून मी नुकतीच टेकले होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मुलाचा फोन आला. त्याच्या वडिलांना कोविड होऊन सहावा दिवस होता. शहरात बेड मिळत नव्हता म्हणून त्यांना घरीच ठेवलेलं. "काकू, ऑक्सिजन चांगला आहे, ९८ दाखवतोय. पण बाबा आडवेच होत नाहीत, नुसते बसून राहिलेत." ९८ ऑक्सिजन असलेला दमलेला माणूस रात्री साडेअकराला आडवा का होत नाही, ते मला कळेना. विचारलं, "नाडी किती आहे?" तो म्हणाला, "आठशे अकरा."

इतकी नाडी कुणाची नसते. क्षणभर मलाही उमजलं नाही. मग म्हटलं, "तू बाबांच्या समोर बसलायस का? यंत्र बोटावरच राहू दे. तू उठून त्यांच्या शेजारी जा आणि तिथून बघून सांग." तो गेला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, ८६. आणि ११८."

महोदय, आपल्या देवनागरी आकड्यांत असं होत नाही, पण पल्स ऑक्सिमीटरच्या त्या चिमट्याएवढ्या पडद्यावर इंग्रजी आकडे असतात, काड्यांनी बनलेले. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो. आठ आठच राहतो, एक एकच राहतो. म्हणून ८६ उलट्या बाजूने पाहिला की ९८ वाचला जातो. शेजारी इंग्रजीत बारीक अक्षरं होती आणि तीही उलटीच दिसत होती, पण ती सुलटी असतानाही त्या घरात कुणाला कळली नसती. दुकानदाराने सांगितलं होतं, ९४ च्या खाली गेलं तर घाबरा. एवढ्या शिकवणीवर तो मुलगा पाच दिवस वडिलांजवळ जागत होता.

त्या रात्री दोन वाजता त्यांना ऑक्सिजनचा बेड मिळाला. ते बरे होऊन घरी आले. पण फोन ठेवण्याआधी तो मुलगा जे म्हणाला त्यासाठी हे पत्र आहे. तो म्हणाला, "सॉरी काकू, माझं चुकलं."

मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली २२ अतिदक्षता विभागात गेली. या वर्षांत "माझं चुकलं" हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं आणि स्वतः किती वेळा म्हटलं, त्याचा हिशोब नाही. नव्या पोरी ते रडत म्हणतात, जुन्या खाली मान घालून. यंत्र बनवणाऱ्याच्या तोंडून मात्र ते मी कधी ऐकलं नाही. आपल्याला लिहिते आहे ते यासाठी, की आता ही यंत्रं आपल्या नजरेखालून जातात. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून जवळजवळ सगळी उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. अ आणि ब वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून आणि क, ड वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून परवाना लागू लागला. हे काम मोठं आहे आणि ते झालं याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या उमेदीच्या काळात सलाइनच्या बाटलीला कायदा होता, पण ती ज्या पंपातून जायची त्याला विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

माझी स्वतःची एक चूक सांगते. ती रजिस्टरमध्ये माझ्या नावावर आहे आणि तिथंच राहील.

नाइट ड्युटी होती. माझ्याकडे दोन रुग्ण होते, त्यातल्या एकाचं बीपी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर टिकवलेलं. खाटेच्या डोक्याशी दोन सिरिंज पंप एकावर एक लावलेले होते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. वरच्या पंपावर बाणाचं बटण एकदा दाबलं की रेट ०.१ ने वाढायचा. खालच्यावर एकदा दाबलं की १ ने. आठवडाभर नॉरअ‍ॅड वरच्या पंपावर होतं. त्या दिवशी संध्याकाळी वरच्या पंपाची बॅटरी कुरकुरायला लागली म्हणून कुणीतरी सिरिंज खालच्यावर हलवली होती. पहाटे बीपी थोडं उतरलं. डॉक्टरांनी ३ वरून ३.५ करायला सांगितलं. मी शेजारच्या खाटेवरच्या सक्शनकडे कान ठेवून पाच वेळा बटण दाबलं. ३ चे ८ झाले. पंपाने काही विचारलं नाही. दोन मिनिटांत मॉनिटरवर बीपी २१० च्या पुढे गेलं, अलार्म वाजला, मी धावले, रेट खाली आणला. रुग्णाला इजा झाली नाही, हे माझं नशीब. सकाळी रजिस्टरमध्ये शेरा आला: कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष.

दुर्लक्ष झालं हे मी नाकारत नाही. पण एकाच खाटेशी, एकाच आकाराच्या बटणाचे दोन अर्थ असू शकतात हे कुणीतरी चालवून घेतलं होतं. त्याबद्दल त्या रजिस्टरमध्ये लिहायला रकानाच नव्हता.

याच पंपांची आणखी एक गोष्ट सांगायची तर, सिरिंज पंपाला औषध दिसत नाही. त्याला फक्त दट्ट्या किती मिलिमीटर पुढे सरकला ते कळतं, आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून तो मिलिलिटरचा हिशोब करतो. ५० मिलिलिटरच्या दोन कंपन्यांच्या सिरिंजांचा व्यास सारखा असेलच असं नाही. म्हणून सुरू करताना पंप विचारतो, सिरिंज कुठल्या कंपनीची? समोर यादी येते. आमच्या स्टोअरमध्ये टेंडर बदललं की सिरिंज बदलायची, आणि नव्या कंपनीचं नाव कित्येकदा त्या यादीत नसायचंच. मग काय करायचं? यादीतलं पहिलं नाव निवडायचं आणि पुढं जायचं. असं सगळ्याच करायच्या. नवी मुलगी आली की हँडओव्हरमध्ये आम्ही तिला तेच शिकवायचो. आज लिहिताना अंगावर काटा येतो, कारण यंत्राला खोटं सांगायला आम्ही शिकवत होतो. पण रात्री अडीच वाजता सिरिंज हातात धरून दुसरं काय करता आलं असतं, हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००६ साली कॅन्सरच्या एका रुग्ण बाईंना फ्लुरोयुरॅसिल हे औषध चार दिवसांत हळूहळू द्यायचं होतं, ताशी १.२ मिलिलिटर. पंपात आकडा गेला २८.८. चार दिवसांचं औषध चार तासांत शरीरात गेलं आणि काही आठवड्यांत त्या गेल्या. २८.८ हा आकडा कुणाच्या कल्पनेतून आला नव्हता. २४ तासांत २८.८ मिलिलिटर जायचं होतं, आणि तो आकडा लेबलवर १.२ च्या शेजारीच छापलेला होता. एका नर्सने हिशोब मांडला, दुसरीने ताडून पाहिला. दोघींचं २४ ने भागायचं राहिलं, आणि आलेलं उत्तर लेबलवर दिसलं म्हणून दोघींची खात्री पटली. तपास करणाऱ्यांनी नर्सवर बोट दाखवून फाइल बंद केली नाही. त्यांनी लेबलची मांडणी तपासली, हिशोबाची पद्धत तपासली, पंपाची बटणं तपासली. मला त्या दोन नर्सेसची आठवण अधूनमधून येते. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, तरी येते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या पाच वर्षांत इन्फ्युजन पंपांबद्दलच्या सुमारे ५६,००० तक्रारी आल्या आणि कंपन्यांनी ८७ वेळा पंप परत मागवले. काही दोष बॅटरीचे होते, काही सॉफ्टवेअरचे, आणि काही पडद्याचे व बटणांचे. २०१० मध्ये त्यांनी पंप बनवणाऱ्यांना सांगितलं की यंत्र प्रयोगशाळेत चाललं एवढ्यावर भागणार नाही, ते वापरणाऱ्याच्या हातात चालतं हे दाखवा. त्याआधी २००७ मध्ये वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६२३६६, आलेलंच होतं. अमेरिकी प्रशासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत चाचणीची रीतही दिली आहे. ज्या ज्या गटातली माणसं यंत्र वापरणार, त्या प्रत्येक गटातून किमान १५ जण घ्या, खऱ्यासारखा उजेड आणि खऱ्यासारखा गोंगाट ठेवा, त्यांना काम द्या आणि मध्ये बोलू नका. कुठं चुकले तेवढंच पाहू नका, कुठं अडखळले तेही लिहा. आणि नंतर त्यांनाच विचारा, इथं का थांबलात? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ३१ वर्षांत मला तो एकदाही कुणी विचारला नाही. कंपनीचा माणूस यायचा, डेमो द्यायचा, इनचार्ज सिस्टरची सही घ्यायचा आणि जायचा.

आपण म्हणाल, ही परदेशातली चैन आहे. म्हणून दोन गोष्टी सांगते, दोन्ही महाराष्ट्रातल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने लहान मुलांमधल्या न्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा गावात बाळाजवळ पोहोचणारी व्यक्ती होती दाई. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात. दाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं, घड्याळ वाचता येत नव्हतं. कुणीही म्हटलं असतं, आधी हिला शिकवा. त्यांनी मोजण्याचं साधनच तिच्यासाठी नव्याने घडवलं. एक मिनिटाची वाळू आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दाईला पन्नास किंवा साठ म्हणजे किती हे कळायची गरजच उरली नाही, कारण ती मोजणी मण्यांनी करून ठेवली होती. त्या साधनाला वीज लागत नाही आणि त्यावर एकही अक्षर नाही. महोदय, वैद्यकीय उपकरण वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून कसं घडवावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला जगात कुठलं माहीत नाही, आणि ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्या राज्यातल्या सगळ्यात मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात तयार होतं.

दुसरी गोष्ट एम्ब्रेसची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ मध्ये काही विद्यार्थ्यांनी कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी एक पिशवी बनवायला घेतली. दुपट्यासारखी पिशवी, आत मेणासारख्या पदार्थाची थैली, ती गरम केली की बराच वेळ ३७ अंशांवर टिकते. नमुना घेऊन ते महाराष्ट्रातल्या आष्टा गावात आले. पिशवीवर तापमानाचे आकडे होते. तिथल्या एका आईने त्यांना सरळ सांगितलं, डॉक्टर ३७ म्हणाले तर मी जरा कमीच ठेवीन, बाळाला जास्त नको. विलायती औषध कडक असतं, म्हणून डोस थोडा कमीच द्यायचा, हे आपल्या घराघरातलं शहाणपण. मीही माझ्या आईकडून तेच ऐकत वाढले. त्या मुलांनी त्या आईला अडाणी म्हटलं नाही. त्यांनी आकडे काढून टाकले आणि फक्त ठीक आहे की नाही एवढंच दाखवणारी खूण ठेवली. हा बदल कॅलिफोर्नियात बसून कितीही डोकं खाजवलं असतं तरी सुचला नसता. तो त्या बाईच्या ओट्यावर सुचला.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे, की परवान्याच्या फाइलमध्ये वापराची चाचणी असावी आणि ती आपल्या माणसांवर झालेली असावी. परदेशातल्या पंधरा नर्सेसचा अहवाल जोडून काम भागू नये. तिथं एका नर्सकडे आयसीयूत एक किंवा दोन रुग्ण असतात, आमच्याकडे कधी चार, कधी सहा. पल्स ऑक्सिमीटरचंच पाहा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरं तर कमी असताना यंत्राने तो चांगला दाखवण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. यंत्र कुणाच्या बोटावर तपासून बाजारात आणलं, याने इतका फरक पडतो. मग ते कुणाच्या डोळ्यांनी वाचून पाहिलं, याने पडत नसेल का?

घरातल्या उपकरणांची काळजी मला दवाखान्यातल्यापेक्षाही जास्त वाटते, कारण घरी शेजारी दुसरी सिस्टर नसते. इन्सुलिन घ्या. आपल्याकडे अजून एका मिलिलिटरला ४० युनिटची बाटली सर्रास मिळते, आणि १०० युनिटचीही मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. लाल आणि केशरी! मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना, ट्यूबलाइटच्या उजेडात. आणि टोपी तर टोचण्याआधी काढूनच ठेवायची असते. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीचपट जातो. साखर उतरून बेशुद्ध झालेल्या आजी रात्री कॅज्युअल्टीत येतात, आणि सून कोपऱ्यात उभी राहून म्हणते, माझंच चुकलं.

ग्लुकोमीटर साखर फार खाली गेली की आकडा दाखवत नाही, 'लो' अशी इंग्रजी अक्षरं दाखवतो. माझ्या ओळखीच्या एक बाई त्याचा अर्थ बॅटरी संपत आली असा घेत होत्या. त्यांनी नवे सेल आणायला मुलाला बाजारात पाठवलं, आणि तोवर घामाघूम होऊन बसून राहिल्या. पडदा मराठीत असता तर? मदत झाली असती, आणि मराठी असावीच, पण नुसत्या भाषांतराने हे सुटत नाही. त्या बाईंना हवं होतं ते एवढंच, की आत्ता साखर खा.

अगम्य खुणांची किंमत जुनी आहे. मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर इथे थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राने तीन आठवड्यांच्या अंतरात दोन रुग्णांना जीवघेणा मारा दिला. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. पण पडद्यावर आलं ते 'मालफंक्शन ५४' एवढंच. त्याचा नीट अर्थ वापराच्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश रोज इतके यायचे की चालवणाऱ्या बाईंना पुढे जाण्याचं बटण दाबायची सवय झालेली होती. दोन्ही रुग्ण दगावले. चाळीस वर्षं होत आली, आणि अजून आपल्या घरातलं बीपीचं यंत्र 'ई-३' दाखवून गप्प बसतं.

अलार्मबद्दल थोडक्यात. वेगवेगळ्या अभ्यासांत आयसीयूतले ७२ ते ९९ टक्के अलार्म खोटे निघाले आहेत. ज्या खोलीत दहा यंत्रं एकसारखं किंचाळतात, तिथं खरं कोण बोलतंय ते ओळखायला आम्ही पाठीला डोळे लावून शिकलो. ते कसब आहे, पण रुग्णाचा जीव त्या कसबावर टांगून ठेवू नये.

दुसरी मागणी चुकांच्या नोंदीची. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात चालतो. कार्यक्रम चांगला आहे. पण माझ्या सोबत काम केलेल्या मुलींपैकी कुणी पंपाच्या बटणाबद्दल तिथं लिहिल्याचं मी पाहिलं नाही, कारण त्यांच्या मते ती यंत्राची तक्रार नसतेच, ती त्यांची स्वतःची चूक असते. तुटलेलं यंत्र त्या कळवतील. फसवणारं यंत्र कळवणार नाहीत. त्यांच्यापर्यंत कुणीतरी जाऊन स्पष्ट सांगायला हवं की बटण दाबताना गोंधळ झाला, आकडा चुकीचा वाचला गेला, दशांश चिन्ह दिसलं नाही, हेही कळवायचं असतं, आणि कळवल्याबद्दल मेमो मिळणार नाही. नुकसान न होता निभावलेले प्रसंगही कळवायचे. माझ्या त्या पहाटेसारखे.

आणि काही गोष्टी कंपन्यांच्या मर्जीवर न ठेवता ठरवूनच टाकाव्यात. भुलीच्या यंत्रावर ऑक्सिजनची कळ मोठी आणि खाचांची असते, अंधारातही बोटांना कळावी म्हणून. यंत्रात सिलिंडर जिथे अडकवतात तिथल्या पिना अशा बसवलेल्या असतात की ऑक्सिजनच्या जागी दुसऱ्या वायूचा सिलिंडर बसतच नाही. एकेकाळी हेही कंपनीगणिक वेगळं होतं. कुणीतरी एकत्र बसून एकच रीत ठरवली, आणि आज भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यावर विचारही करावा लागत नाही. बाणाच्या एका दाबाला रेट किती वाढावा, तिप्पट रेट भरला तर पंपाने एकदा विचारावं का, बोटावरचा ऑक्सिमीटर कुठूनही पाहिला तरी आकडा सुलटा वाचता यावा, एवढं ठरवणं काही अवघड नाही. सुलटं कुठलं ते सांगायला आकड्याखाली एक ठळक रेघ पुरते.

शेवटी एक विनंती. आपल्या कार्यालयातल्या, उपकरणांच्या फाइली तपासणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला एक रात्र कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत पाठवा. दिवसा नको. दिवसा साहेब येणार म्हणून चादरी बदललेल्या असतात. पहाटे तीनला यावं. परवान्याला आलेला एखादा नवा पंप सोबत आणावा, पाण्याने भरलेल्या सिरिंजसह. दोन ग्लोव्हज चढवलेल्या, सहा तास उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातात तो द्यावा आणि सांगावं, ताशी अडीच मिलिलिटर लावा. पुस्तिका देऊ नये. मग दोन पावलं मागे सरकून, तिचं बोट कुठं थांबतं ते पाहावं. ती थांबली तर तिला शिकवू नये, का थांबलीस ते विचारावं, आणि ती सांगेल ते लिहून घ्यावं. मी निवृत्त आहे, रात्रीची झोप तशीही राहिलेली नाही. बोलावलंत तर मीही येईन.

आपली,
एक निवृत्त अतिदक्षता परिचारिका
सातारा